दोन इंचांचा कसारा घाट

रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्या माणसाला रेल्वे दिसत नाही, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. पण माझा अनुभव तसाच आहे. गेली बावीस वर्षे मी कल्याणहून लोकलने नोकरीला जातो. बसायला जागा मिळाली का आणि गाडी किती मिनिटे उशिरा आहे, यापलीकडे रेल्वेचा विचार कधी मनात आला नाही. आणि गंमत म्हणजे मी जन्माने रेल्वेचा आहे. आमचे वडील अण्णा हे कसाऱ्याला पॉइंटमन होते. १९६६ साली ते रेल्वेत लागले आणि २००४ साली निवृत्त झाले. माझे बालपण कसाऱ्याच्या क्वार्टरमध्ये, गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत गेले. तरीही अण्णा नेमके काय काम करीत, हे मला वयाची चाळिशी उलटेपर्यंत नीट ठाऊक नव्हते. ते मला एका खेळण्यातल्या रेल्वेने शिकवले. त्याचीच ही हकीकत आहे.

सुरुवात पुण्याला झाली. नात्यातल्या एका लग्नाला आम्ही सारे गेलो होतो. लग्न आटोपले, परतीच्या गाडीला वेळ होता. आमची थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. ती म्हणाली, “पप्पा, कोथरूडला छोट्या रेल्वेचे म्युझियम आहे, बघू या.” कोथरूडचे हे जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय म्हणजे भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाचे फळ. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. आत एक छोटे शहरच मांडलेले आहे. रस्ते, पूल, घरे, स्टेशने आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या. दिवे मालवतात, रात्र होते, खिडक्यांत उजेड लागतो आणि गाड्या तशाच धावत राहतात. लहान मुले काचेला नाक लावून बघत होती.

अण्णा मात्र मागे उभे होते. ऐंशी ओलांडलेले वय, आई गेल्यापासून बोलणे फार कमी झालेले. दिवसभरात चहा झाला का आणि पेपर आला का, एवढेच शब्द. त्या दिवशी ते अचानक म्हणाले, “सांधा बरोबर बदलतोय. पण घाट नाही दाखवलाय.” मुलीने विचारले, “कसला घाट, आजोबा?” ते म्हणाले, “आपला. कसाऱ्याचा.” बस, एवढेच. पण परतीच्या गाडीत आजोबा-नातीचे काहीतरी ठरले होते.

घरी आल्यावर मुलीने प्रस्ताव मांडला. घरात कसाऱ्याचा घाट बांधायचा, आणि तोही मोबाईलवरून चालणारा. मी साफ नाही म्हटले. आमची खोली दहा बाय बाराची. धाकट्याच्या क्लासची फी, घराचा हप्ता, आणि त्यात खेळण्यातली रेल्वे! हा श्रीमंतांचा शौक आहे, असे मी बोलून गेलो. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनच्या पासबुकातून दहा हजार काढून मुलीच्या हातात ठेवले. त्यावर मी काय बोलणार?

मुलीने आधी अट घातली, की ज्याची नक्कल करायची ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे. म्हणून श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघे कसारा लोकलमध्ये बसलो. शहाड, आंबिवली, टिटवाळा गेले की गर्दी विरळ होते. खडवली, वासिंद, आसनगावपर्यंत नवी नवी बांधकामे दिसतात. आटगाव, खर्डी आली की मात्र दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, ओले डोंगर आणि ढग. कसारा हे लोकलचे शेवटचे स्टेशन. पुढे सह्याद्री उभा ठाकलेला. माझ्या मनात तिथे बालपणीचा वास आहे, पावसाचा, ग्रीसचा आणि कोळपलेल्या ब्रेकचा.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. १८६५ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळजवळ ३०० मीटर उंची चढावी लागते. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांत एक फूट. रस्त्यावरच्या वाहनाला हे काहीच नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असते, पकड कमी, वजन शेकडो टन. तिथे हा चढ म्हणजे भिंतच. बोगदे, कडे आणि १८२ फूट उंचीचा एहेगावचा पूल, हे सारे यंत्रांचा जमाना नसताना माणसांच्या हातांनी उभे राहिले. इंजिनिअर साहेबांची नावे पुस्तकात मिळतात. ज्यांनी सुरुंग ठासले आणि डोक्यावर दगड वाहिले, त्यांची नावे मला कुठल्याही पाटीवर दिसली नाहीत.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला आम्ही उभे राहिलो. एक लांब पल्ल्याची गाडी येऊन थांबली. मागून दोन इंजिने हळूहळू आली आणि शेवटच्या डब्याला लागली. यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते आणि बँकर मागून ढकलतात, तेव्हा गाडी घाट चढते. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुन्हा खाली कसाऱ्याला येतात, पुढच्या गाडीसाठी. गाडीतल्या माणसाला हे काही दिसत नाही. त्याला वाटते, उगाच पाच-दहा मिनिटे गाडी थांबली.

“हेच माझं काम,” अण्णा म्हणाले. “बँकर आला की झेंडी दाखवून त्याला डब्याला टेकवायचा. मग मधे शिरून कपलिंग घालायचं, पाइप जोडायचे. पाऊस असो, रात्र असो. गडी मधे असताना इंजिन एक वीतभर हललं तरी संपला.” त्यांनी दोन तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. “म्हणून ड्रायव्हरची नजर माझ्या हातावर आणि माझी त्याच्या चाकावर.”

मी गप्प झालो. बी.कॉम.च्या प्रवेशाचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायासमोर मी ‘पॉइंटमन’ न लिहिता ‘रेल्वे कर्मचारी’ असे लिहिले होते. शेजारच्या मुलाचे वडील स्टेशनमास्तर होते, त्याची लाज वाटली होती मला. प्लॅटफॉर्मवर उभा असताना तो फॉर्म डोळ्यांपुढे आला.

स्टेशनबाहेर वडापाव खाऊन आम्ही शेअर जीपने इगतपुरी गाठली आणि परत रेल्वेने खाली उतरलो. उतारावर मध्येच आमची गाडी थांबली. डब्यातले लोक कुरकुर करू लागले. अण्णा नातीला म्हणाले, “खिडकीतून बघ, बाजूला एक लाईन डोंगरावर चढलेली दिसेल. ती कॅच सायडिंग. उतरणीला गाडीचा ब्रेक गेला तर ती खाली सुटणार. म्हणून सांधा आधीच त्या चढणीकडे लावून ठेवतात. गाडी तिथे पुरी थांबली, म्हणजे ब्रेक चांगला आहे, हे कळलं की मगच सांधा सरळ करून सोडतात.” समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, “अहो, एवढी वर्षं जातो-येतो, पण हे आजच कळलं.” अण्णांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता.

अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा घाट १९३० सालीच विजेवर आला. तेव्हाची स्वित्झर्लंडच्या बनावटीची अवजड इंजिने उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करीत. कामगार त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यातला एक खेकडा आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. अण्णा नोकरीला लागले तेव्हा हे खेकडे अजून कामावर होते. मुलीने वहीत लिहून घेतले, “खेकडा करायचाच.”

आता घरची हकीकत. मुलीने आधी हिशेब मांडला. खेळण्यातल्या रेल्वेचे जगात सर्वाधिक चालणारे माप म्हणजे एच.ओ. यात सगळे खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढे असते. या मापाने आपल्या जुन्या निळ्या पठडीचा डबा साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी करायची तर नुसते डबेच जवळजवळ सहा मीटर, म्हणजे आमच्या खोलीच्या बाहेर. इगतपुरी त्याच मापाने कसाऱ्याच्या वर सव्वाअकरा फुटांवर येते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरात. एकटा एहेगावचा पूलच साडेआठ फूट. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मग तडजोड केली. चार बाय चारच्या दोन फळ्या, नट-बोल्टने जोडायच्या आणि काम झाले की सोडवून कपाटामागे उभ्या ठेवायच्या. पुढच्या कडेला कसारा, एका टोकाला २२ इंच त्रिज्येचे वळण आणि मागच्या कडेला इगतपुरी. गाडी तीनच डब्यांची. चढ मात्र खराच ठेवायचा, ३७ ला १. त्यावर अण्णा अडून बसले होते. चढायला सहा फूट जागा उरली. सहा फुटांना ३७ ने भागा, उत्तर येते दोन इंच. तर आमची इगतपुरी कसाऱ्यापेक्षा दोन इंच उंच आहे.

आणखी एक अडचण माहीत असावी. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. एच.ओ. मापात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवे. पण बाजारात मिळणारा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून केलेला आहे. त्यामुळे आमची गाडी जरा अरुंद पायांची दिसते. अण्णांच्या नजरेने ते पहिल्याच दिवशी पकडले.

आता मोबाईलवरून गाडी कशी चालते ते सांगतो. मलाही ते अण्णांबरोबरच समजले. जुन्या पद्धतीत रुळात जितके व्होल्ट सोडाल तितकी गाडी जोरात. पण मग त्या रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम धावणार आणि एकदम थांबणार. एकाला थांबवून दुसरे चालवायचे तर रुळाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे बटण हवे. डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम सारखीच असते, आमच्याकडे सुमारे १४ व्होल्ट. मात्र तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. कधी थोडी लवकर, कधी थोडी उशिरा. त्या कमी-जास्त वेळेतूनच निरोप तयार होतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची बोटाच्या पेराएवढी पट्टी असते आणि तिला स्वतःचा नंबर असतो. निरोप सगळ्या इंजिनांना पोहोचतो, पण ज्याच्या नंबराचा असेल तोच ऐकतो.

अण्णा म्हणाले, “म्हणजे चाळीतल्या नळावर हाक मारल्यासारखं. ऐकू सगळ्यांना येतं, पण ज्याचं नाव तोच उठतो.” मुलगी म्हणाली, “आजोबा, आमच्या सरांनी एवढं सोपं करून नाही सांगितलं.”

ही पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने विकसित केली आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालते. परदेशी कंपन्यांचे नियंत्रक यंत्र आम्हाला परवडणारे नव्हते. परंतु आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड, त्यावर मोटर चालवणारी पट्टी, आणि ‘डी.सी.सी.-ई.एक्स.’ ही फुकट मिळणारी प्रणाली, एवढ्यावर तेच काम होते. जगभरच्या हौशी लोकांनी ती मिळून लिहिली आणि सर्वांसाठी मोकळी ठेवली. ज्ञान कुलुपात न ठेवता वाटले की ते दहा बाय बाराच्या खोलीतही पोहोचते, हे मला फार मोलाचे वाटले.

खर्चाची वही मी ठेवली. वापरलेली दोन इंजिने ११,००० रुपये, दोन डिकोडर ६,०००, जुना रूळ आणि सांधे ७,२००, बोर्ड व मोटरची पट्टी १,९००, अडॅप्टर ६००, प्लायवूड व लाकूड २,६००, चाके आणि कपलिंग १,८००, वायर, थर्माकोल, रंग, खिळे १,१००. एकूण ३२,२०० रुपये. हे दीड वर्षात झाले. अण्णांच्या दहा हजारांखेरीज बराच भाग मुलीने आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन भरला. रक्कम थोडी नाही, हे मी लपवत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी साध्या बॅटरीच्या गाडीपासून सुरुवात करावी. डोंगर, स्टेशन आणि डबे यांना पैसे लागतच नाहीत. आमचा डोंगर जुनी वर्तमानपत्रे आणि प्लास्टरचा आहे, तर डबे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मुलीने पुढचे इंजिन चालू केले आणि मागचेही धावत सुटले. दोघे एकमेकांवर आदळले. शोध घेतला तर नव्या डिकोडरचा नंबर कारखान्यातून ३ असाच येतो. आमचे दोन्हीही ३. अण्णा म्हणाले, “दोघांचं नाव एकच ठेवलंत, मग दोघंही उठणारच की!” मग पुढच्याला १८६५ हा नंबर दिला, घाट सुरू झाला ते साल. बँकरला अण्णांच्या कसाऱ्याच्या क्वार्टरचा नंबर. त्याच्यावर पुठ्ठ्याचा खेकडा चढवला.

दुसरी अडचण मोठी होती. बँकर ढकलू लागला की मधला डबा वळणावर रुळावरून उडे. एकदा नव्हे, वीस वेळा. मुलगी रडकुंडीला आली. अण्णांनी एक डबा उचलून तळहातावर तोलला आणि म्हणाले, “हा फार हलका आहे पोरी. पुढून ओढतात, मागून ढकलतात, मधला हलका असला की तोच बाहेर पडतो.” मुलीने माहिती काढली. एच.ओ. मापात डब्याच्या लांबीनुसार वजन किती असावे, याचाही ठरलेला हिशेब आहे. आमच्या डब्याला ते साधारण १६५ ग्रॅम येते. आमचा डबा साठ ग्रॅमचा होता. मग लोखंडी वॉशर तळाशी चिकटवले, किराणावाल्याच्या काट्यावर तोलून.

त्यानंतर वेग जुळवला. बँकर पुढच्यापेक्षा जोरात असेल तर डबे दाबले जातात, हळू असेल तर तोच ओझे होतो. अण्णांनी घड्याळ हातात धरले. तीन फूट अंतर प्रत्येक इंजिन किती सेकंदांत कापते, हे मोजून मुलीने डिकोडरमधले आकडे बदलले. सुरुवातीचा जोर, सर्वाधिक वेग, हळूहळू वेग घेणे, हळूहळू थांबणे, सगळे त्या पट्टीत लिहिता येते. तीन रविवार हेच चालले होते. त्या तीन रविवारांत अण्णा जितके बोलले, तितके त्याआधीच्या तीन वर्षांत बोलले नव्हते. त्यांनी धुक्यातल्या रात्री सांगितल्या. हात चिरडलेला एक सोबती आठवला आणि थोडा वेळ थांबले. पहिला पगार किती होता तेही सांगितले. आमच्या मंडळी चहाचे कप घेऊन दारातच ऐकत उभ्या राहायच्या.

शेवटी एका संध्याकाळी गाडी कसाऱ्याहून निघाली. पुढचे इंजिन मुलीच्या मोबाईलवर, बँकर धाकट्याच्या मोबाईलवर. अण्णांनी तोंडाने शिट्टी दिली. दोन्ही एकदम हलली. वळणावर गाडी जरा कुरकुरली, डोंगराच्या आड गेली आणि पलीकडून दोन इंच उंचीवर इगतपुरीला येऊन थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही सारे अण्णांकडे बघत होतो.

मुलीने बँकर सोडवण्यासाठी रुळाखाली चुंबक बसवला होता. अण्णांनी तिला थांबवले. “हे काम माझं,” ते म्हणाले. अगरबत्तीची काडी त्यांनी दोन कपलिंगमध्ये घातली. हात थरथरत होता, म्हणून धाकट्याने इंजिन अगदी निपचित धरून ठेवले होते. त्याची नजर आजोबांच्या हातावर होती. काडी फिरली, कपलिंग सुटले. अण्णांनी हात वर केला आणि बँकर एकटाच घाट उतरून कसाऱ्याला परत आला.

गेल्या महिन्यात मुलीच्या कॉलेजात प्रदर्शन होते. तिथे आमचा घाट मांडला. शेजारी लावायच्या पुठ्ठ्यावर माहिती लिहायचे काम माझ्याकडे होते. मी लिहिले : ‘थळ घाट, कसारा ते इगतपुरी. प्रमाण १ : ८७. रचना व डिजिटल नियंत्रण : नात. मार्गदर्शन : आजोबा, पॉइंटमन, कसारा.’ पॉइंटमन हा शब्द मी इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात काढला.

वाचकांना एकच सांगणे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले, वीज मंडळातले निवृत्त वडीलधारे आहेत. त्यांच्या हातातले ज्ञान कुठल्या पुस्तकात उतरलेले नाही, ते त्यांच्याबरोबरच जाईल. घरात रेल्वे बांधलीच पाहिजे असे नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांना त्यांच्या कामाच्या जागी घेऊन जा, मुलांना सोबत न्या आणि नेमके काय करायचात ते विचारा. आणि कसाऱ्याला गाडी थांबली तर कुरकुर न करता खिडकीतून मागे जरूर बघा. कुणीतरी तुमच्या गाडीला बँकर जोडत असेल.